अजिंठ्याच्या भिंतीवरचा शेवटचा हात

वैशाखात आटलेल्या तळ्याच्या काठी आपण सर्वच कधी ना कधी उभे राहिलो आहोत. ओला गाळ वाळतो, त्याला भेगा पडतात आणि भेगांमधल्या ढेपांच्या कडा वर उचलल्या जातात. याचे कारण साधे आहे. वरचा थर पाणी सोडून आक्रसू पाहतो, खालची जमीन त्याला आक्रसू देत नाही. या ओढाताणीत थरात ताण साठतो आणि जेथे दुबळी जागा असेल तेथून तडा सुटतो. पडलेल्या भेगेजवळ ताण एकाच दिशेने मोकळा होतो, म्हणून मागून येणारी भेग तिला बहुधा काटकोनात येऊन मिळते. तळ्याचा हा नियम भिंतीवरच्या रंगालाही लागू आहे. त्याची किंमत किती असते, हे अजिंठ्याच्या इतिहासात पाहावयास मिळते.

अजिंठ्याच्या कारागिरांनी ओबडधोबड काळ्या पाषाणावर प्रथम मातीचा गिलावा चढविला. त्या मातीत तूस व वनस्पतींचे तंतू कालविले. त्यावर पांढरा पातळ लेप दिला आणि त्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात खललेले रंग भरले. मातीत तूस घालणे ही आपल्या खेड्यांतील घरांचीही जुनी रीत. तंतू भेगेच्या दोन्ही काठांना धरून ठेवतो आणि तिला सहजासहजी पुढे सरकू देत नाही. हे शास्त्र त्या कारागिरांनी लिहून ठेवले नसेल, पण त्यांच्या हातांना ते ठाऊक होते. पाचव्या शतकातील चित्रे इतकी टिकली, त्यात या मातीचा वाटा मोठा आहे.

१८१९ साली मद्रास सैन्यातील जॉन स्मिथ हा अधिकारी या लेण्यांत शिरला आणि बाहेरच्या जगाला त्यांची वार्ता कळली. १८४४ पासून रॉबर्ट गिल यांनी नकला केल्या. १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत त्यांतील बहुतेक भस्म झाल्या. पुढे १८७२ पासून मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांसह येथे राबले. त्यांच्याही अनेक नकला १८८५ साली लंडनमध्येच जळाल्या. पण मूळ चित्रे नीट दिसावीत म्हणून त्यांवर जे व्हार्निश फिरविले गेले, ते मात्र भिंतीवरच राहिले.

नंतर निजाम सरकारने १९२० साली चेकोनी व ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना पाचारण केले. त्यांनी दोन हिवाळ्यांत सुटत चाललेला गिलावा जागोजाग घट्ट बसविला. तो उपकार आम्ही नाकारीत नाही. परंतु रक्षणासाठी म्हणून चित्रांवर लाखेचे रोगणही चढले. त्याच सुमारास, १९२१ साली, विलायतेत ॲलन ग्रिफिथ नावाच्या विमानशास्त्रज्ञाचा निबंध रॉयल सोसायटीने छापला. तडा पुढे सरकावयाचा तर नवा पृष्ठभाग तयार करण्याचा खर्च लागतो. साठलेल्या ताणातून मोकळी होणारी ऊर्जा तो खर्च भागवीत असेल, तरच तडा धावतो. असा त्याचा सिद्धांत. त्याचे प्रयोग काचेवरचे होते. लेपांचे गणित पुढच्यांनी केले. एका ग्रिफिथ्सच्या व्हार्निशाचे कोडे दुसऱ्या ग्रिफिथच्या सूत्राने सुटावे, हा नावांचा योगायोग मोठा विलक्षण!

ते गणित असे. ताण तेवढाच असला, तरी लेप जितका जाड तितकी त्यात साठलेली ऊर्जा अधिक. एका मर्यादेपेक्षा पातळ लेपाला तडा जातच नाही; ती मर्यादा ओलांडली की एकदा सुटलेला तडा थांबावयास कारण उरत नाही. म्हणूनच चांगला रंगारी एक जाड हात देत नाही, दोन पातळ हात देतो. अजिंठ्यात तर हातावर हात चढले. रोगण जुने होता होता कडक झाले, आक्रसले, पिवळे-तपकिरी पडले. ते नुसते स्वतः तडकून थांबले असते तर हानी थोडी होती. पण त्याची पकड खालच्या रंगावर होती, आणि त्या रंगाची पकड भिंतीवर तेवढी मजबूत नव्हती. त्यामुळे तड्याच्या काठाशी रोगण वर वळले, तेव्हा रंगाचा पापुद्रा बरोबर घेऊन उठले. पावसाळ्याचा दमटपणा आणि उन्हाळ्याचा कोरडेपणा यांनी ही ओढाताण दरवर्षी नव्याने सुरू ठेवली.

स्वातंत्र्यानंतर ही लेणी भारतीय पुरातत्त्व खात्याकडे आली. तेव्हापासून रसायनज्ञ हे रोगण बोटभर-बोटभर उतरवीत आले आहेत. चढविण्यास जे दोन हिवाळे पुरले, ते उतरविण्यास पिढ्या लागल्या; आणि रोगणाबरोबर गेलेला रंग कोणालाच परत आणता आला नाही.

यात दुष्ट कोणीच नव्हता. सर्वांचे चित्रांवर प्रेमच होते. आपल्या गावातही जुनी देवळे आहेत, वाड्यांच्या भिंतींवर चित्रे आहेत आणि त्यांवर चकचकीत रंग फासण्याचा उत्साह दर उत्सवाला येतो. त्या वेळी आपण एवढेच विचारावे: हा नवा हात आक्रसेल तेव्हा कोणाला ओढील? आणि उद्या तो काढावासा वाटला, तर निघेल काय? या दोन प्रश्नांचे उत्तर मिळेपर्यंत कुंचला खाली ठेवणे, हेही रक्षणच आहे.