मुंबईचा बॅक बे, दुबईचे पाम आणि आपला फ्लॅट



मनखूलमधल्या मराठी घरांत इजारी रिन्यू करायची वेळ आली की हा विषय निघतोच. भाड्याचे चेक लिहिताना कोणीतरी म्हणतं, "एवढ्यात तर हप्ता भरला असता." मग एक जण २००८ ची आठवण काढतो, दुसरा गेल्या चार-पाच वर्षांत भाव कसे चढले ते सांगतो. दोघंही खरं बोलत असतात, म्हणून वाद संपत नाही. मला वाटतं, या वादाचं उत्तर १६० वर्षांपूर्वीच्या मुंबईत सापडतं. म्हणून हा थोडा इतिहास.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. हा पैसा ठेवायचा कुठे? मुंबई म्हणजे बेटं, जागा कमी. मग समुद्रात भरणी करून जमीन काढायच्या कंपन्या निघाल्या. सगळ्यात गाजली ती बॅक बे रेक्लमेशन कंपनी. तिचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० च्या आसपास गेला. जमीन अजून पाण्याखालीच होती, बरं का!

लोकांनी घरचे पैसे लावले असते तर गोष्ट वेगळी होती. पण बँक ऑफ बाँबेसारखी सरकारी भांडवल असलेली बँक शेअर तारण ठेवून कर्ज देत होती. प्रेमचंद रायचंद हे त्या काळचे सर्वांत मोठे दलाल. त्यांच्या शब्दावर कर्जं मिळत. शिवाय वायद्याचे सौदे होते: आज भाव ठरवायचा, पैसे १ जुलै १८६५ ला द्यायचे. तोवर भाव चढेल, विकून मोकळे होऊ, असा हिशेब.

एप्रिल १८६५ मध्ये जनरल लीने शरणागती पत्करली. युद्ध संपत आलं, कापूस कोसळला आणि १ जुलै उजाडला तेव्हा पैसे द्यायला कोणाकडे काही नव्हतं. बँक ऑफ बाँबेचा २,८५० रुपयांपर्यंत गेलेला शेअर ८७ रुपयांवर आला आणि १८६८ मध्ये बँकच गुंडाळावी लागली. १८६४ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ होती. १८७२ मध्ये ती ६,४४,४०५ भरली. म्हणजे भाडं द्यायला माणसंही कमी झाली.

आता यातला खरा मुद्दा. जमीन खोटी होती का? मुळीच नाही! पूर्व किनाऱ्यावर एल्फिन्स्टन कंपनीने भरणी केलेली जमीन सरकारने १८७० मध्ये विकत घेतली आणि ती पुढे पोर्ट ट्रस्टकडे गेली. बॅक बेच्या भरावावरून कुलाब्यापर्यंत रेल्वे धावली. पुढे १९२० च्या दशकात तिथेच पुन्हा भरणी सुरू झाली आणि त्यातून मरीन ड्राइव्ह उभा राहिला. आज तिथला चौरस फूट काय भावाने जातो ते सांगायला नको. 'मुंबईला भविष्य आहे' हे १८६४ च्या गुंतवणूकदाराचं गणित शंभर टक्के बरोबर निघालं. तरी तो बुडाला, कारण शहराला ७० वर्षं थांबता येतं, कर्जदाराला १ जुलैपर्यंतच.

आता दुबईकडे येऊ. २००२ मध्ये परदेशी लोकांना ठराविक भागांत फ्रीहोल्ड मालकीची दारं उघडली. त्याच वर्षी पाम जबल अलीची भरणी सुरू झाली. थोडे पैसे भरून ऑफ-प्लॅन फ्लॅट बुक करायचा आणि पुढचा हप्ता यायच्या आत विकायचा, हा खेळ म्हणजे आपला तोच वायदा. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन बुडाली, नोव्हेंबर २००९ मध्ये दुबई वर्ल्डने कर्जफेडीला मुदत मागितली, आणि भाव शिखरापासून जवळजवळ निम्म्यावर आले. पाम जबल अलीचं काम थांबलं, ते नव्या आराखड्यासह २०२३ मध्ये पुन्हा जाहीर झालं. बेट तिथेच होतं. २००८ चा खरेदीदार १५ वर्षं थांबू शकत होता का, हा प्रश्न.

साधा आकडा बघा. १० लाख दिरहमच्या फ्लॅटला तुम्ही १ लाख भरलेत. भाव १० टक्के चढला तर पैसे दुप्पट. १० टक्के उतरला तर भरलेले शून्य, आणि उरलेले ९ लाख देणं कायम. आपल्या आयटीच्या भाषेत सांगायचं तर इथे पगार हा सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर आहे. मंदीत नोकरी जाते, तिच्यावरचा व्हिसा जातो, भाडेकरू जातो आणि भावही उतरतो. चारही गोष्टी एकदम.

नियम आता बरेच सुधारलेत. २००७ च्या कायद्याने ऑफ-प्लॅनचे पैसे एस्क्रो खात्यात ठेवणं बंधनकारक झालं. २०१३ मध्ये गृहकर्जावर मर्यादा आल्या आणि नोंदणी शुल्क २ वरून ४ टक्के झालं. महाराष्ट्रातही मे २०१७ पासून महारेरा आहे. पण एस्क्रो आणि महारेरासारखे कायदे बिल्डरने पळून जाऊ नये म्हणून आहेत. भाव उतरला तर ते वाचवत नाहीत.

पुण्याचा फ्लॅट सुरक्षित म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. २००८ च्या सुरुवातीला दिरहम साधारण पावणेअकरा रुपयांना होता, आता बावीसच्या वर आहे. म्हणजे रुपयात दुप्पट झालेला भाव दिरहममध्ये जेमतेम जागेवरच. परत जाऊन तिथेच राहायचं असेल तर याने बिघडत नाही. नुसती गुंतवणूक असेल तर बिघडतं.

तेव्हा मंडळी, 'भाव वाढेल का' हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. हे तीन आधी विचारा:

१. पगार बंद झाला तर किती महिने हप्ते भरू शकतो?
२. भाडं २५ टक्के उतरलं तरी हप्ता आणि सर्व्हिस चार्ज निघतो का?
३. दहा वर्षं विकता आलं नाही तर घरातलं कुठलं काम अडेल? मुलांचं शिक्षण? आई-वडिलांचं आजारपण?

तिन्हींची उत्तरं ठीक असतील तर जरूर घ्या, दुबईत घ्या नाहीतर पुण्यात. नसतील तर भाड्याचे चेक लिहिताना वाईट वाटून घेऊ नका. भाडं जड असलं तरी एका नोटिशीत संपतं, कर्ज मात्र देश सोडला तरी मागे राहतं.

चू.भू.द्या.घ्या.

आपला,
एक मनखूलकर