पहिला झटका आणि मेंदूचा विद्युत्-आलेख

एकच झटका येऊन गेलेल्या व्यक्तीच्या मेंदूच्या विद्युत्-आलेखात, म्हणजे ई.ई.जी.मध्ये, विकृती आढळली तर तिला अपस्मार जडला असे मानावे काय? हा प्रश्न वरकरणी केवळ वैद्यकाचा वाटतो. परंतु आलेखाच्या पुराव्यास कितपत अधिकार द्यावा, याविषयीचे मत काळानुसार पालटत गेले आहे. म्हणून तो इतिहासाच्याही अभ्यासाचा विषय ठरतो.

इ. स. १८७५ मध्ये लिव्हरपूलच्या रिचर्ड कॅटनने ससे व माकडे यांच्या मेंदूतील विद्युत्प्रवाह दाखवून दिले. मानवी मेंदूचा आलेख येना येथील हान्स बर्गरने १९२४ मध्ये प्रथम टिपला व १९२९ मध्ये प्रसिद्ध केला. त्याविषयीचा संशय १९३४ मध्ये केंब्रिजच्या एड्रियन व मॅथ्यूज यांच्या पडताळणीने मावळला. पुढच्याच वर्षी बोस्टनच्या गिब्ज, डेव्हिस व लेनॉक्स यांनी क्षणिक शुद्धहरणाच्या अपस्मारात सेकंदास सुमारे तीन या गतीने उमटणारे अणकुचीदार तरंग दाखविले.

या यशातूनच अतिविश्वास जन्मास आला. १९३७ मध्ये गिब्ज व लेनॉक्स यांनी अपस्मार म्हणजे मेंदूच्या लयीतील विकृतीच होय, अशी मांडणी केली. लक्षण व रोग यांतील सीमारेषा येथे पुसट झाली.

पुढील संशोधनाने ती पुन्हा स्पष्ट केली. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत १३,६५८ निरोगी वैमानिक-उमेदवारांपैकी ६९ जणांच्या आलेखांत अपस्मारसदृश तरंग आढळले. ज्यांचा दीर्घकाळ मागोवा घेता आला त्यांपैकी एकासच पुढे अपस्मार झाला. उलटपक्षी, अपस्मार असूनही पहिला आलेख निर्दोष निघणे मुळीच विरळ नाही.

तथापि झटका येऊन गेल्यावर त्याच तरंगांचे मोल वाढते. १९९२ च्या एका डच अभ्यासात पहिल्या झटक्यानंतर दोन वर्षांत तो पुन्हा येण्याचे प्रमाण अपस्मारसदृश तरंग असलेल्यांत ८३ टक्के, अन्य विकृती असलेल्यांत ४१ टक्के, तर निर्दोष आलेख असलेल्यांत १२ टक्के होते. अर्थात ‘विकृत’ हा शब्द एकजिनसी नव्हे. झटक्यानंतर लगेच दिसणारी तरंगांची मंदता तर पुष्कळदा तात्पुरतीच असते.

१९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारे अपस्माराचे झटके विवाहास बाधक ठरविले गेले. हा उल्लेख १९९९ मध्ये वगळण्यात आला. रोगाच्या नावाचे ओझे किती असते, हे यावरून उमगते.

२०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय अपस्मारविरोधी संघाने स्वीकारलेल्या व्याख्येनुसार, तात्कालिक कारणाविना आलेल्या एका झटक्यानंतरही, पुढील दहा वर्षांत तो पुन्हा येण्याची शक्यता किमान ६० टक्के असेल तर अपस्माराचे निदान करता येते. त्या शक्यतेच्या तराजूत आलेख हे एक वजन आहे. झटक्याचा वृत्तान्त, मेंदूची प्रतिमा व पूर्वेतिहास ही इतर वजने होत. आलेखास साक्षीदाराचे स्थान मिळाले, न्यायाधीशाचे नव्हे, हेच या इतिहासाचे फलित होय.