काटोलच्या पाषाणाचें माहेर

आज मी आपणांस एका दगडाचा वृत्तांत सांगणार आहें. दगड म्हटला कीं नवी मुंबईंत राहणाऱ्या माझ्यासारख्याच्या डोळ्यांपुढें पारसिकच्या डोंगराचा काळा कातळ उभा राहतो. ज्या लाव्हारसापासून तो झाला तो थिजून सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षें लोटलीं. आपल्या नित्याच्या पाहण्यांत याहून जुनी वस्तु क्वचितच येते. परंतु ज्या दगडाविषयीं मला बोलावयाचें आहे, तो या कातळाहून सुमारें सत्तर पट जुना आहे. आणि महाराष्ट्रांत तो आला २०१२ सालच्या उन्हाळ्यांत.

त्या वर्षीं २२ मे रोजीं, दुपारीं दोनच्या सुमारास, नागपूर जिल्ह्यांतील काटोल या संत्र्यांच्या गांवावर आकाशांतून तेजाचा एक लोळ गेला. पाठोपाठ मोठा गडगडाट झाला. विदर्भांतील मे महिन्याची ती दुपार. मेघगर्जनेची वेळ ती नव्हे. आणि मग गांवाच्या आसपास काळे दगड पडलेले सांपडूं लागले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मंडळींनीं लागलीच तेथें जाऊन सुमारें ३० तुकडे गोळा केले. त्यांतील सर्वांत मोठा सुमारें १ किलो वजनाचा होता. अशा दगडावर बाहेरून एक पातळ काळें कवच असतें, कारण हवेंतून वेगानें येतांना त्याचा पृष्ठभाग वितळून पुन्हां थिजतो. आंत मात्र करडा दगड व त्यांत लोखंडाचे चमकणारे कण. शास्त्रज्ञांनीं याचें वर्गीकरण ‘एल’ गटांतील कॉन्ड्राइट असें केलें. या नांवाला भिण्याचें कारण नाहीं. ग्रीक भाषेंत कॉन्ड्रोस म्हणजे दाणा, आणि हे दगड मूळचे दाणेदार असतात, इतकाच त्याचा अर्थ. काटोलच्या दगडांतील दाणे फार पूर्वींच उष्णतेनें पुसट झाले आहेत. ‘एल’ हें अक्षर लोखंडाचें प्रमाण कमी असल्याचें दाखवितें.

दगड आला, पण कोठून आला? या प्रश्नाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे, आणि त्याचें एक महत्त्वाचें पान आपल्याच देशांत लिहिलें गेलें.

अठराव्या शतकांत युरोपांतील विद्वानांचा असा ठाम समज होता कीं आकाशांतून दगड पडणें ही खेडवळांची कल्पना होय. फ्रान्समध्यें १७६८ सालीं पडलेला एक दगड पॅरिसच्या विज्ञान परिषदेपुढें आला, तेव्हां लाव्हाझिएसारखा रसायनशास्त्राचा आचार्यहि परीक्षकांत होता. निर्णय काय झाला? हा पृथ्वीवरचाच दगड असून त्यावर वीज पडली असावी! ज्यांनीं तो आपल्या डोळ्यांनीं पडतांना पाहिला त्या शेतकऱ्यांची साक्ष फुकट गेली. १७९४ सालीं क्लाड्नी नांवाच्या जर्मन पंडितानें, हे दगड अंतराळांतून येतात, असें पुस्तक लिहून प्रतिपादन केलें, तेव्हां त्याचीहि बरीच थट्टा झाली.

अशांत १९ डिसेंबर १७९८ रोजीं रात्रीं आठच्या सुमारास काशीपासून चौदा मैलांवर, इंग्रजी कागदपत्रांत ज्याचें नांव क्राखुट असें लिहिलेलें आहे त्या खेड्याजवळ, दगडांचा वर्षाव झाला. आकाश अगदीं निरभ्र होतें. एक दगड तर एका पहारेकऱ्याच्या झोपडीचें छप्पर फोडून आंतल्या चोपलेल्या जमिनींत रुतला. जॉन लॉइड विल्यम्स नांवाच्या इंग्रज गृहस्थानें गांवकऱ्यांकडे कसून चौकशी केली आणि सारी हकीकत, दगडांसह, लंडनला धाडली. तेथें एडवर्ड हॉवर्ड या रसायनज्ञानें काशीचा दगड, यॉर्कशरचा दगड, इटलींतील सिएनाचा दगड आणि बोहेमियांतील एक दगड असे चार नमुने एकत्र तपासले. चारहि दगडांतील लोखंडांत निकेल सांपडलें. काशीच्या दगडांतले बारीक गोल दाणेहि तेव्हांच नोंदले गेले. एकमेकांस कधीं न भेटलेले चार गांवांचे चार साक्षीदार, आणि जबानी मात्र एकच! हॉवर्डचा निबंध १८०२ च्या आरंभीं वाचला गेला. दुसऱ्याच वर्षीं फ्रान्समधील लेगल येथें भर दुपारीं सुमारें तीन हजार दगड कोसळले आणि उरल्यासुरल्या शंकेखोरांचीं तोंडें बंद झालीं. क्राखुटच्या गांवकऱ्यांची साक्ष विज्ञानानें मानली, याचें मला विशेष वाटतें.

आतां योगायोग पहा. १ जानेवारी १८०१ रोजीं पालेर्मो येथें पियाझ्झीनें मंगळ व गुरु यांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यांत सेरेस हा पहिला लघुग्रह पाहिला होता. हॉवर्डचा निबंध वाचला जाऊन पुरता दीड महिना झाला नाहीं, तोंच २८ मार्च १८०२ रोजीं ऑल्बर्सला त्याच पट्ट्यांत दुसरा लघुग्रह सांपडला, पॅलास. ऑल्बर्सनें तर्क केला कीं एखादा मोठा ग्रह फुटून हे तुकडे झाले असावेत. तो तर्क पुढें टिकला नाहीं. त्या पट्ट्यांतील सारें द्रव्य एकत्र केलें तरी आपल्या चंद्राच्या शेंकडा तीन-चारच भरतें. तरीहि एकाच वर्षीं एकीकडे खालीं पडलेले दगड सिद्ध झाले आणि दुसरीकडे वर फिरणारे तुकडे सांपडले. दोहोंचें नातें जुळावयाला मात्र पुढें दोनशें वर्षें लागलीं.

त्याचें कारण उघड आहे. लघुग्रह दुर्बिणींतूनहि केवळ ठिपक्यासारखा दिसतो. एकोणिसाव्या शतकांत असे ठिपके शोधून काढण्याची जणूं चढाओढच लागली होती. त्यांतला एक मान मद्रासच्या वेधशाळेकडे जातो. तेथें १७ एप्रिल १८६१ रोजीं नॉर्मन पॉग्सन यानें ६७ वा लघुग्रह शोधला. आशिया खंडांतून सांपडलेला हा पहिलाच, म्हणून त्याचें नांव ‘एशिया’. तो पाषाणी वर्गाचा असून त्याचा व्यास सुमारें ५८ किलोमीटर आहे. आज माहीत असलेल्या लघुग्रहांची संख्या दहा लाखांच्या पलीकडे गेली आहे.

ठिपक्याच्या प्रकाशाचा वर्णपट घेतां येऊं लागल्यावर त्याचें द्रव्य ओळखण्याची सोय झाली. पण तेथेंहि अडचण उभी राहिली. पट्ट्याच्या आंतल्या भागांतील बहुसंख्य लघुग्रह पाषाणी, आणि पृथ्वीवर पडणारे बहुसंख्य दगड कॉन्ड्राइट. तरी दोहोंचे रंग जुळेनात. लघुग्रह जरा तांबूस, दगड करडे. उत्तर मिळालें तें जपानच्या ‘हायाबुसा’ यानामुळें. पृथ्वीच्या कक्षेजवळ येणाऱ्या इटोकावा या लहानशा पाषाणी लघुग्रहावर तें २००५ सालीं उतरलें आणि जून २०१० मध्यें तेथली चिमूटभर धूळ घेऊन परतलें. ती धूळ कॉन्ड्राइटाचीच निघाली. सूर्यावरून येणारे कण व सूक्ष्म उल्कांचा मारा यांमुळें कणांचा वरचा थर काळवंडतो व तांबूस होतो, हेंहि तींतच दिसलें.

राहिला प्रश्न काटोलच्या ‘एल’ गटाचा. आकाशांतून पडतांना पाहिलेल्या दगडांत तिहींतला एक तरी याच गटाचा असतो. त्यांपैकीं कित्येकांतील आर्गॉन वायूच्या मापनावरून असें दिसतें कीं सुमारें ४७ कोटि वर्षांपूर्वीं त्यांच्या मूळ पिंडाला भयंकर टक्कर बसली. याला साक्ष पृथ्वीवरहि आहे. स्वीडनमधील चुनखडीच्या एका खाणींत तेवढ्याच जुन्या थरांत, प्राचीन समुद्राच्या तळाशीं गाडले गेलेले याच गटाचे शंभरांहून अधिक दगड मिळाले आहेत. फरशीसाठीं चुनखडी कापणाऱ्या कामगारांच्या करवतीखालीं ते आले.

मग तो मूळ पिंड कोणता? २०२४ सालीं ‘नेचर’ या नियतकालिकांत आलेल्या संशोधनानें त्यावर बोट ठेवलें: मॅसॅलिया. हा विसावा लघुग्रह. १९ सप्टेंबर १८५२ रोजीं नेपल्स येथें द गास्पारिसनें तो पाहिला, आणि लगेच दुसऱ्या रात्रीं त्याची वार्ता नसतांना मार्सेल्स येथें शाकॉर्नाकनेंहि पाहिला. मॅसॅलिया हें मार्सेल्सचेंच प्राचीन नांव. मद्रासची एशिया आणि हा मॅसॅलिया यांचीं सूर्यापासूनचीं सरासरी अंतरें जवळजवळ सारखींच आहेत. मॅसॅलियाच्या भोंवतीं त्याच्याच कपच्यांचें एक मोठें कुटुंब आहे. ४७ कोटि वर्षांपूर्वींची ती टक्कर त्याचीच, आणि सुमारें ४ कोटि वर्षांपूर्वीं तो पुन्हां एकदां फुटला. आज पडणारे ‘एल’ गटाचे दगड या दुसऱ्या फुटीचे, असें संशोधकांनीं दाखविलें आहे. कपच्या हळूहळू सरकत सरकत पट्ट्यांतल्या विशिष्ट रिकाम्या जागांपाशीं येतात. या जागा अमेरिकन ज्योतिषी कर्कवुड यानें १८६६ सालीं दाखवून दिल्या. तेथें गुरूचें आकर्षण झोक्याला ठराविक वेळीं दिलेल्या धक्क्यासारखें वारंवार बसतें, कक्षा लांबोडी होत जाते, आणि एखादी कपची पृथ्वीच्या वाटेवर येते.

काटोलच्या दगडावर अशा आघाताची खूण स्पष्ट आहे. त्यांतल्या बारीक काळ्या शिरांत ब्रिजमनाइट नांवाचें खनिज सांपडल्याचें खरगपूरच्या आय. आय. टी. मधील सुजॉय घोष व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०२१ सालीं प्रसिद्ध केलें. आपल्या पृथ्वीच्या पोटांत ६६० किलोमीटरांखालीं याच खनिजाची सर्वाधिक रेलचेल आहे. पण तेथपर्यंत मनुष्याचा हात पोंचत नाहीं. तें बनावयाला हवेच्या दाबाच्या दोन लक्षांहून अधिक पट दाब लागतो. अंतराळांतील टकरीनें असा दाब क्षणभर निर्माण केला, आणि त्या क्षणाची खूण काटोलला येऊन पडली.

येथें कोणी लोणारची आठवण काढील. तें योग्यच आहे. बुलढाणा जिल्ह्यांतील तें १.८ किलोमीटर व्यासाचें विवरहि अशाच पाहुण्यानें केलें. पण तो पाहुणा वेगळ्या घराण्यांतला. लोणारच्या वितळलेल्या खडकांतील क्रोमियमचा अभ्यास २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. त्यावरून तो कोळशासारख्या काळ्या, कार्बनयुक्त जातीचा असावा असें निघतें. आणि मूळ दगडाचा अंश त्या खडकांत फार तर शेंकडा तीन उरला आहे. काटोलचा दगड मात्र हातांत धरतां येतो.

मॅसॅलिया नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीं, आणि आपल्या वाशी-नेरुळच्या दिव्यांच्या झगमगाटांत तर त्याची आशाच नको. परंतु तो सूर्याच्या समोरच्या बाजूस येतो तेव्हां माथेरानसारख्या काळोख्या जागेवरून लहान दुर्बिणींतूनहि सांपडतो. त्यासाठीं त्या भागांतील ताऱ्यांचें चित्र कागदावर काढून ठेवावें, दुसऱ्या रात्रीं तेंच पुन्हां काढावें, आणि कोणता ठिपका जागचा हलला तें पहावें. एकोणिसाव्या शतकांतील ज्योतिषी लघुग्रह ओळखीत ते असेच.