आनेकल

बंगळूरचे नाव निघाले की मराठी श्रोत्यास शहाजीराजे आठवतात. तेथून दक्षिणेस सुमारे 36 किलोमीटरांवर, तमिळनाडूच्या सीमेलगत वसलेले आनेकल मात्र त्याच्या ध्यानी क्वचितच असते. कन्नडात 'आने' म्हणजे हत्ती, 'कल्लु' म्हणजे दगड. पण दोन्ही शब्द जुळले की अर्थ होतो पावसात पडणारी गार!

सतराव्या शतकाच्या आरंभी सुगटूर घराण्यातील एका गौडाने येथे किल्ला उभारला आणि मोठे तळे बांधविले. बारमाही नदी नसलेल्या या पठारावर तळ्यावाचून किल्ला म्हणजे नुसता मातीचा ढीग. 1638 साली रणदुल्लाखान व शहाजीराजे विजापूरची फौज घेऊन या मुलखात उतरले. बंगळूरप्रमाणेच सुगटूरकरांचे होसकोटेही शहाजीराजांच्या जहागिरीत गेले. आनेकल तेवढे त्या घराण्याकडे उरले. लहानपणच कामी आले म्हणावयाचे! पुढे हैदर अलीने तेही घेतले.

पाळेगार गेले, तरी रेशमाचे माग राहिले, आणि द्रौपदीच्या नावाने निघणारा करगही. आज मात्र याच तालुक्यात जिगणी, बोम्मसंद्र, अत्तिबेले येथे कारखाने उभे आहेत, आणि बंगळूर तळ्यांच्या काठाकाठाने आनेकलकडे सरकत आहे.