बैलाच्या डोळ्यातले फूल

जनावराच्या डोळ्याला लागलेला मार घरच्या घरी निस्तरायची नांदेड-लातूरकडची रीत वाढली ती बैलाभोवती. लाल कंधारी आणि देवणी या दोन्ही जाती याच पट्ट्यातल्या. कंधार नांदेड जिल्ह्यात, देवणी लातूर जिल्ह्यात. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत बैल विकायला उभा केला, की गिऱ्हाईक दात, खूर, चाल पाहते आणि डोळ्यात फूल दिसले की भाव पाडते. उपचाराची घाई मायेपोटी होती, तशी व्यवहारापोटीही होती.

इजेची कारणे गोठ्यात आणि शिवारातच असत. गव्हाणीत तोंड घालताना कडब्याचे ताट टोचे, काढणीनंतरच्या रानात धसकट लागे, कुसळी गवताचे कुसळ पापणीआड रुते. जोडीदाराचे शिंग आणि चाबकाची वादी हीही नेहमीची कारणे. आधी डोळा गळतो, जनावर पापणी मिटून उजेड टाळते. मग बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर निळसर-पांढरी झाक येते. जखम खोल असेल तर भरून आल्यावरही पांढरा वण राहतो. फूल म्हणतात ते हेच.

त्यावर मीठ चघळून त्याची चूळ डोळ्यात मारायची, हा खेड्यांतला सर्वपरिचित उपाय. कोणी मिठाऐवजी तंबाखू चघळी, कोणी हळदीचे पाणी घाली. यात खरा उपयोग धुण्याचा होता. तंबाखूने आग होऊन पाण्याचा लोंढा येतो, त्यात एखादे कुसळ वाहूनही जात असेल. पण तोंडातले जंतू उघड्या जखमेत जातात, ही त्याची दुसरी बाजू. शिवाय वरवरचा ओरखडा काही दिवसांत आपोआप भरतो. त्याचे श्रेय तंबाखूला मिळे आणि डोळा गेला तर दोष नशिबाला. उपाय टिकला तो या हिशेबामुळे.

पशुवैद्यक भारतात नवे नव्हते. अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांबरोबर जनावरांच्या चिकित्सेचा उल्लेख आहे आणि शालिहोत्राच्या नावावर अश्ववैद्यकाची मोठी परंपरा आहे. मुंबईत परळला पशुवैद्यक महाविद्यालय 1886 मध्ये निघाले. पण मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि मुंबई परक्या राज्यात. मराठवाड्यात परभणीचे महाविद्यालय 1972 मध्ये आले आणि लातूर जिल्ह्यात उदगीरचे 1987 मध्ये. जखम हिरवी चमकवून दाखवणारा फ्लुरोसीनचा रंग आणि प्रतिजैविक मलम ही आज गुरांच्या डॉक्टरची साधने आहेत.

याच पट्ट्यात पुढे बैलाशिवायची घरेही वाढली. नांदेडजवळच्या विष्णुपुरीत गोदावरीचा जलाशय झाला, 1981 मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, 1994 मध्ये विद्यापीठ आले. अशा ठिकाणच्या वसाहतींतल्या घरांना गोठा नसतो. पाळायचे तर मांजर, ससा किंवा गिनीपिग. गिनीपिग मूळचा अँडीज पर्वतातला, तिथे खाण्यासाठी पाळलेला. सोळाव्या शतकात तो युरोपात गेला, 1882 मध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाच्या जंतूच्या शोधात वापरला आणि पुढे प्रयोगशाळेचे जनावर म्हणूनही जगभर ओळखला गेला.

गिनीपिगचे डोळे बाहेर आलेले असल्याने त्यांना वाळल्या गवताची काडी सहज टोचते; कडब्याचीच ही छोटी आवृत्ती. घरी करण्याजोगे थोडेच आहे: निर्जंतुक सलाईनने डोळा धुणे, टोचरे गवत काढून मऊ देणे, खाणे सुरू आहे का ते पाहणे. त्याच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही आणि ते कमी पडले तर जखम नीट भरत नाही. म्हणून रोज ढोबळी मिरची द्यावी. घरातले माणसांच्या डोळ्यांचे थेंब मात्र घालू नयेत. त्यात स्टिरॉइड असेल तर जखम चिघळते. उरलेल्या प्रतिजैविकाची गोळी त्याहून धोक्याची, कारण पेनिसिलीन गिनीपिगला मारक ठरते हे 1943 पासून माहीत आहे. डोळ्यावर पांढरी झाक दिसली किंवा त्याने खाणे सोडले, तर त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यावे.