सिनेमा आणि क्रिकेट : मुंबई-पुण्याच्या दोन नादांचा इतिहास

आपल्या स्मरणिकेत कुलवृत्तान्त, शिक्षणप्रसार, वधूवर-परिचय अशा विषयांवर लेख येण्याची प्रथा आहे व ती योग्यच आहे. परंतु मनुष्य उद्योगाच्या वेळी काय करतो याइतकेच तो फुरसतीच्या वेळी काय करतो यावरूनही समाजाची घडण समजते. आपल्या वाडवडिलांनी ज्या दोन गोष्टींना 'नाद' हे नाव देऊन नाके मुरडली आणि तरीही ज्यांच्यापायी पुढे घरेच्या घरे वेडी झाली, त्या सिनेमा आणि क्रिकेट यांचा थोडा इतिहास येथे सांगण्याचे योजिले आहे. ज्ञातीच्या अंकात हा विषय कशाला, असे एखाद्या वडीलधाऱ्या गृहस्थांस वाटेल. त्यांना एवढेच विनवितो की लेख शेवटपर्यंत वाचावा. शेजारी कोण बसतो, हा प्रश्न या दोन्ही नादांत प्रथमपासून आहे, आणि तो आपणा सर्वांचा आहे.

ता. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात फ्रान्समधील ल्युमिएर बंधूंच्या प्रतिनिधीने हलत्या चित्रांचा पहिला खेळ केला. दर माणशी एक रुपया. त्या काळी एका रुपयाची किंमत काय होती हे निराळे सांगावयास नको. आठवड्याभरात हे खेळ नॉव्हेल्टी नाटकगृहात होऊ लागले. तेथे दर चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत ठेविले गेले आणि पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र बैठकीची सोय करण्यात आली. म्हणजे सिनेमा येऊन महिना होतो न होतो तोच त्याच्या चालकांना दोन गोष्टी उमजल्या होत्या. गरिबाच्या चार आण्यांवाचून हा धंदा चालणार नाही, आणि घरातील स्त्रिया आल्याखेरीज घर येणार नाही.

हे खेळ पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांच्या मनाने घेतले की आपणही अशी चित्रे घ्यावीत. ते व्यवसायाने छायाचित्रकार. त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागविला आणि १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये झालेल्या एका कुस्तीचे चित्रण केले. फिल्म धुण्यासाठी लंडनला पाठवावी लागली! वाचकहो, हे नीट ध्यानात घ्यावे. आपल्या माणसाने टिपलेले पहिले हलते चित्र एखाद्या देवाचे वा राजाचे नसून खेळाचे होते. पुढे १९०१ च्या अखेरीस रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले तेव्हा त्यांच्या स्वागताचेही चित्रण सावेदादांनी केले. कुस्तीचा मल्ल आणि गणितातील रँग्लर हे एकाच कॅमेऱ्याचे नायक झाले, याचे मज शिक्षकास विशेष कौतुक वाटते.

दादासाहेब फाळके यांची कथा सर्वांना ठाऊक आहे, म्हणून ती विस्ताराने सांगत नाही. 'राजा हरिश्चंद्र' ता. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात लोकांसाठी लागला. तारामतीचे काम करण्यास स्त्री मिळेना. अखेर एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणाने ती भूमिका केली. सरस्वतीबाई फाळके यांनी आपले दागिने दिले, मंडळींचा स्वयंपाक केला व फिल्मला भोके पाडण्याचे कामही केले. पडद्यावर स्त्री नव्हती, पण पडद्यामागे होती. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई या मायलेकी पडद्यावर आल्या आणि ती उणीवही दूर झाली.

सुरतेची एक आख्यायिका मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. तेथील लोकांस दोन आण्यांत सहा तासांचे नाटक पाहण्याची सवय. दीड तासाच्या चित्राला तीन आणे कोण देणार? तेव्हा फाळक्यांनी जाहिरात केली की तीन आण्यांत सत्तावन्न हजार छायाचित्रे पाहावयास मिळतील, आणि या चित्राची लांबी दोन मैल आहे! लोटलेली गर्दी आवरेना म्हणतात. मापाने विकल्याशिवाय आमच्या माणसास मालाची खात्री पटत नाही, हे फाळक्यांनी बरोबर ओळखले होते.

आता क्रिकेटकडे वळू. हा खेळ इंग्रजांनी आणिला, परंतु तो उचलला प्रथम पारशी समाजाने. १८४८ साली त्यांचा ओरिएंटल क्रिकेट क्लब निघाला, आणि १८८६ साली त्यांचा संघ इंग्लंडला जाऊन आला. १८९२ पासून युरोपियन विरुद्ध पारशी हे सामने मुंबईत प्रतिष्ठेचे मानले जाऊ लागले. १९०७ साली हिंदू संघ आला व तिरंगी सामने झाले. १९१२ साली मुसलमान संघ येऊन चौरंगी आणि १९३७ साली ख्रिस्ती आदी इतर मंडळींचा 'रेस्ट' हा संघ येऊन पंचरंगी सामने सुरू झाले. प्रत्येक समाजाचा निराळा जिमखाना, निराळा संघ, निराळे प्रेक्षक. सिनेमात माणसाची जागा त्याच्या खिशावरून ठरे, क्रिकेटमध्ये ती जन्मावरून ठरली होती.

या ठिकाणी एका मोठ्या पुरुषाचे स्मरण करणे अवश्य आहे. बाळू पालवणकर यांचा जन्म १८७६ चा, चर्मकार कुटुंबातला. पुण्यात प्रथम पारशांच्या क्लबात दरमहा तीन रुपयांवर आणि मग युरोपियनांच्या क्लबात चार रुपयांवर ते मैदानाची निगा राखीत. सरावासाठी गोरे साहेब त्यांना चेंडू टाकावयास लावीत. बॅट मात्र हाती देत नसत. त्यातील ग्रेग नावाच्या नामांकित फलंदाजास बाळूंनी तासन् तास गोलंदाजी केली आणि त्यातूनच डावखुऱ्या फिरकीची अशी सिद्धी मिळविली की पुण्यातील हिंदू क्लबाला त्यांना संघात घ्यावेच लागले.

घेतले कसे, तेही पाहावे. मैदानावर सर्वजण त्यांनी हाताळलेला चेंडू हाती घेत. चहाच्या सुटीत मात्र बाळूंना मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे, व ते भांडे नंतर फेकून देत. चेंडूला विटाळ नव्हता, पेल्याला होता! १९०६ च्या फेब्रुवारीत मुंबईस हिंदूंनी युरोपियनांना हरविले त्यात बाळूंचा व त्यांचे बंधू शिवराम यांचा मोठा वाटा होता. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर संघाने सपाटून मार खाल्ला, तरी बाळूंनी शंभरावर बळी घेतले. असे असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. १९२० साली उपकर्णधार केले, तेही त्यांच्या बंधूंनी अन्यायाविरुद्ध उघड आवाज उठविल्यानंतर. १९२३ साली धाकटे बंधू विठ्ठल कर्णधार झाले आणि त्या वर्षीची स्पर्धा हिंदूंनी जिंकली. बाळूंना जे मिळावयास हवे होते ते विठ्ठलांना मिळाले.

आपल्या ज्ञातीच्या सभेत आपण पुष्कळदा आपल्यावर झालेल्या उपेक्षेची गाऱ्हाणी मांडतो. ती खरीही असतील. परंतु त्या चहाच्या मंडपात आपले वाडवडील कोणत्या बाजूस उभे असते, आत की बाहेर, याचा विचार मला ही हकीकत वाचताना प्रत्येक वेळी सुचतो.

पंचरंगी सामन्यांनी खेळाची गोडी वाढविली हे नाकबूल करता येणार नाही. १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदू संघाच्या विजय मर्चंट यांनी नाबाद २५० धावा केल्या. उत्तरादाखल 'रेस्ट'च्या ३८७ धावांपैकी एकट्या विजय हजारे यांनी ३०९ काढल्या. हजारे सांगलीचे आणि धर्माने ख्रिस्ती. सामना 'रेस्ट'ने डावाने गमावला, परंतु ब्रेबोर्न स्टेडियमवरच्या हिंदू प्रेक्षकांनी त्या दिवशी टाळ्या कोणासाठी वाजविल्या असतील, हे सांगावयास पाहिजे काय? तरीही संघ धर्मावरून पाडलेले होते, आणि देशातील वातावरण बिघडत चालले होते. १९४० सालीच गांधीजींनी अशा जातवार सामन्यांविरुद्ध मत दिले होते. १९४५-४६ नंतर ही स्पर्धा पुन्हा भरली नाही. माझ्या मते ते उत्तम झाले. जुने षौकीन हळहळत, परंतु खेळ बुडाला नाही. दोनच वर्षांनी, १९४८ च्या जानेवारीत, ॲडलेडच्या कसोटीत हजाऱ्यांनी दोन्ही डावांत शतके काढली, ती साऱ्या हिंदुस्थानची म्हणून.

आंतरराष्ट्रीय क्रिकेटचे वेड मात्र त्याच्या पूर्वीपासूनचे. १ डिसेंबर १९२६ रोजी मुंबई जिमखान्यावर सी. के. नायडू यांनी इंग्लंडहून आलेल्या एम.सी.सी. संघाविरुद्ध ११ षटकार ठोकून १५३ धावा केल्या. त्याच मोसमात पुण्याच्या स. प. महाविद्यालयातील संस्कृतचे प्राध्यापक दि. ब. देवधर यांनी त्याच पाहुण्यांविरुद्ध १४८ काढल्या. संस्कृतचा प्राध्यापक गोऱ्यांची गोलंदाजी झोडपतो, हे पाहिल्यावर 'खेळाने विद्या बुडते' म्हणणाऱ्या पालकांची मोठीच पंचाईत झाली असली पाहिजे. १९३२ साली आपण इंग्लंडमध्ये पहिली कसोटी खेळलो, आणि ता. १५ डिसेंबर १९३३ पासून मुंबई जिमखान्यावर भारतभूमीवरील पहिली कसोटी झाली. सामना आपण हरलो, पण लाला अमरनाथ यांनी ११८ धावा केल्या तेव्हा स्त्रियांनी अंगावरील दागिने काढून त्यांच्याकडे फेकले. नॉव्हेल्टीत पडद्याआड बैठक मागणाऱ्या स्त्रियांच्या लेकीनाती त्या, छत्तीस-सदतीस वर्षांत येथवर आल्या!

या बदलाचे थोडे श्रेय बोलपटास दिले पाहिजे. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलमआरा' लागला तेव्हा चार आण्यांचे तिकीट चार-पाच रुपयांस विकले गेले, आणि बंदोबस्तास पोलीस आणावे लागले. पुढल्याच वर्षी प्रभात कंपनीचा 'अयोध्येचा राजा' आला. त्यात तारामतीच्या भूमिकेत दुर्गा खोटे होत्या, सुशिक्षित व प्रतिष्ठित घरातल्या. एकोणीस वर्षांपूर्वी जी भूमिका करावयास स्त्री मिळत नव्हती तीच ही भूमिका. प्रभात १९२९ साली कोल्हापुरास निघाली व १९३३ साली पुण्यास आली. तिच्या 'संत तुकाराम'ने १९३६ साली मुंबईत वर्षाहून अधिक काळ मुक्काम ठोकला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरव मिळविला. सिनेमास पाप मानणारी माणसे या चित्रासाठी प्रथमच चित्रगृहात गेली असे जुनी मंडळी सांगत. तेथे काळोख झाल्यावर शेजारी कोणत्या ज्ञातीचा बसला आहे हे कळण्यास मार्ग नव्हता, आणि अभंग सुरू झाल्यावर ते कळून घेण्याची कोणास गरजही वाटली नसावी.

हे दोन नाद एकमेकांस भेटले ते मात्र वार्तापटात. १९४८ साली केंद्र सरकारचा फिल्म्स डिव्हिजन हा विभाग निघाला, आणि प्रत्येक चित्रगृहात मुख्य चित्रापूर्वी त्याचा वार्तापट दाखविणे बंधनकारक झाले. पूर, धरणे, परदेशी पाहुणे यांच्या जोडीला त्यात कसोटी सामन्यांची क्षणचित्रे असत. ज्याने मुंबई पाहिली नाही अशा तालुक्याच्या गावच्या माणसाने मंकड वा उम्रीगर यांना हलताना पाहिले ते तेथेच. सामना होऊन गेलेला असे, निकाल ठाऊक असे, तरी चेंडू सीमेपार जाताच चित्रगृहात टाळ्या पडत.

मैदानावरचे क्रिकेट घरात आणिले रेडिओने. तिसाव्या दशकात तल्यारखान यांनी इंग्रजीत समालोचन सुरू केले. ते दिवसभर एकटे बोलत, दुसऱ्यास ध्वनिक्षेपक देत नसत. मराठीत हे काम बाळ ज. पंडित यांनी आकाशवाणीवरून असे केले की षटक, पायचीत, यष्टिरक्षक हे शब्द शाळकरी पोरांच्या तोंडी बसले. भाषेच्या शिक्षकास जे वर्षभरात साधत नाही ते त्यांनी पाच दिवसांत साधले, हे मी स्वानुभवाने सांगतो.

आमच्या पिढीचे वर्ष १९७१. अजित वाडेकर यांच्या नेतृत्वाखाली वेस्ट इंडिजमध्ये मालिका जिंकली. तीत मडगावात जन्मलेले दिलीप सरदेसाई किंग्स्टनला २१२ धावा काढून गेले, आणि तरुण सुनील गावसकर यांनी चार कसोटींत ७७४. मग ऑगस्टमध्ये इंग्लंड. ता. २४ ऑगस्टला ओव्हलवर आपण विजय मिळविला त्या दिवशी गणेशचतुर्थी होती, आणि लंडनच्या आपल्या मंडळींनी शुभशकुन म्हणून प्राणिसंग्रहालयातील हत्तीण मैदानावर आणिली होती. आदल्या दिवशी चंद्रशेखर यांनी ३८ धावांत सहा गडी बाद केले होते. मखरापाशी रेडिओ ठेवून आरती लांबविल्याची उदाहरणे अनेक घरांत सापडतील.

यानंतरचा काळ बहुतेकांच्या डोळ्यांपुढील आहे. १९७२ साली मुंबईस दूरदर्शन आले, प्रेक्षागाराच्या जागांच्या वाटणीवरून क्लब व असोसिएशन यांचे बिनसून वानखेडे स्टेडियम उभे राहिले व १९७५ च्या जानेवारीत तेथे पहिली कसोटी झाली, आणि त्याच स्टेडियमवर २ एप्रिल २०११ रोजी आपण विश्वचषक जिंकला. जागेचे भांडण सुटलेले नाही, फक्त आता ते पैशावरून आहे.

एक विनंती करून लेखणी ठेवतो. 'आलमआरा'ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकी पहिले व शेवटचे तेवढे शिल्लक आहे. पुण्यास १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले, त्याच्या पुष्कळ आधीच अगणित चित्रे नष्ट झाली होती. आपल्या घरांच्या माळ्यांवर जुनी गाण्यांची पुस्तके, चित्रपटांची हस्तपत्रके, कसोटीची तिकिटे, धावसंख्या लिहून ठेविलेल्या वह्या अजून असतील. त्या रद्दीत घालू नयेत. मंडळाच्या वाचनालयात एक कपाट रिकामे आहे. कोणत्याही रविवारी सकाळी आणून दिल्यास नोंद करून घेण्याची व्यवस्था मी स्वतः करीन.