बूटलोडर आणि लिनक्स कर्नलचे अद्ययावतीकरण

संगणक सुरू होताना डिस्कवरचा कर्नल शोधून स्मृतीत आणणाऱ्या आणि पुढचा कारभार त्याच्याकडे सोपवणाऱ्या छोट्या आज्ञावलीला बूटलोडर म्हणतात. लिनक्समध्ये नवा कर्नल बसवताना जुना बहुधा तसाच ठेवतात. त्यामुळे कोणता कर्नल सुरू करायचा, ही नोंद दर वेळी नव्याने करावी लागते.

लिलो या जुन्या बूटलोडरला फाइल सिस्टिम वाचता येत नसे. कर्नल डिस्कवर नेमका कोठे आहे, त्या जागांची यादीच तो बाळगी. कर्नल बदलल्यावर लिलोची आज्ञा पुन्हा चालवायची राहिली, की संगणक अडकलाच. एरिक बोलिन यांनी १९९५ मध्ये लिहायला घेतलेला ग्रब फाइल सिस्टिम स्वतः वाचतो. लिलोचा विकास २०१५ अखेर थांबला.

ग्रब २ मध्ये मेनूची फाइल हाताने लिहीत नाहीत. आपल्या आवडीनिवडी वेगळ्या फाइलीत नोंदवायच्या आणि ग्रब-एमकेकॉन्फिग या आज्ञेने त्यांवरून मेनू तयार करून घ्यायचा, अशी रीत आहे. मेनूतच केलेले बदल पुढच्या अपडेटला पुसले जातात, तरी अनेकजण तेच करतात. डेबियन आणि उबुंटूत कर्नलचे पॅकेज बसताच ही आज्ञा आपोआप चालते.  फेडोराने २०१९ मधील ३० व्या आवृत्तीपासून प्रत्येक कर्नलला स्वतंत्र नोंद-फाइल दिली. ही पद्धत अधिक सुटसुटीत आहे. एक कर्नल काढला तरी बाकीच्या नोंदींना हात लागत नाही.

खरा घोळ होतो तो मेनू नवा आणि डिस्कवर बसवलेला ग्रब जुना राहिल्यावर. ऑगस्ट २०२२ मध्ये आर्च लिनक्सच्या काही वापरकर्त्यांना याचा फटका बसला. नव्या मेनूतला एक पर्याय जुन्या ग्रबला कळेना. लिनक्सऐवजी फर्मवेअरचा सेटिंग-पडदाच पुन्हापुन्हा उघडू लागला. उपाय साधा होता : ग्रब-इन्स्टॉल चालवून ग्रब डिस्कवर पुन्हा बसवणे. २०२१ च्या २.०६ आवृत्तीपासून ग्रबने शेजारच्या प्रणाली शोधणे मुळातच बंद ठेवले, म्हणून अपडेटनंतर मेनूतून विंडोज गायब झाल्यास घाबरण्याचे कारण नाही. ते डिस्कवर असतेच, शोध चालू करून मेनू पुन्हा तयार करावा.

बूट विभाग लहान असल्यास जुन्या कर्नलांनी तो भरतो आणि नव्याचे इनिटरॅमएफएस, म्हणजे सुरुवातीला कर्नलला लागणारी तात्पुरती फाइल सिस्टिम, अर्धवट लिहिले जाऊ शकते. अपडेटपूर्वी मोकळी जागा पाहावी आणि नवा कर्नल एकदा नीट सुरू झाल्याशिवाय चालता जुना काढू नये.